दोन ते आठ अंशांच्या मधे

६ ऑगस्ट

ताई,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे जिवंत आहेत. सगळे म्हणजे मी आणि बाबा. तू फोन उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर "यंत्रापाशी आहे" म्हणून ठेवतेस, म्हणून शेवटी कागद काढला. कागदही बाजूला ठेवून देता येतो, पण ठेवल्याचा आवाज मला ऐकू येत नाही, तेवढाच माझा फायदा.

काम अगदी साधं आहे. मला गाडीत ठेवायचा छोटा फ्रिज घ्यायचाय आणि कुठला घ्यावा ते कळत नाहीये. शाळेला सुट्टी लागली की व्हॅन घेऊन लांब कुठेतरी जावं, तंबू ठोकावा, सकाळी उठून कुणाच्याही दारात हॉर्न वाजवू नये, असं फार दिवसांपासून मनात आहे. वर्षानुवर्षं दुसऱ्यांची पोरं शाळेत पोचवतेय आणि परत आणतेय. पाठ तर गेलीच, पण त्याहून जास्त कान किटलेत. म्हटलं, जाऊ या आता, आणि दूध-फळं टिकतील असा एक फ्रिज सोबत नेऊ.

दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानदाराने एक निळी पेटी काढली आणि म्हणाला, "मॅडम, ह्यात आइस्क्रीम राहतं."

"उन्हात? दिवसभर?"

"राहतं हो."

"तुम्ही पाहिलंय?"

"कंपनीने पाहिलंय ना."

दुसरा म्हणाला, सगळे सारखेच असतात, आणि मग सगळ्यात मोठा पुढे सरकवला. तिसऱ्याने विचारलं, किती लिटरचा हवाय? मला लिटर कुठे माहीत, मी दोन्ही हातांनी आकार दाखवला, नवजात बाळाचा दाखवतात तसा. तो हसला. मीही हसले आणि रिकाम्या हाताने घरी आले.

बाबांना विचारलं असतं, पण तुला ते माहीतच आहेत. जन्म बर्फाच्या कारखान्यात गेला, त्यांच्या लेखी लादीइतकं भरवशाचं जगात काही नाही. "एक लादी घे, गोणपाटात गुंडाळ, वर भुसा टाक आणि चल." असल्या लादीने गाडीभर पाणी होतं, हे त्यांना कोण सांगणार. म्हणून तुला विचारतेय. तू त्यांच्या हाताखाली यंत्रं शिकलीस, आता तिकडे डोंगरात सफरचंदांचं शीतगृह सांभाळतेस. थंडाव्यातलं कळणारी घरात तूच एक उरलीस. घरात म्हणजे, मला काय म्हणायचंय ते तुला कळतंय.

डोळा कसा आहे?

तुझी,
धाकटी

२४ ऑगस्ट

ताई,

तुझं उत्तर मिळालं. ते पत्र होतं की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, हे ठरवायला मला वेळ लागला. "पंख्याचा घेऊ नकोस. तो बाहेरच्या हवेपेक्षा फार तर वीस अंश खाली जातो. गाडी तापली की आतलंही तापतं. कॉम्प्रेसरचा घे. बॅटरी उतरायला लागली की आपोआप बंद होणारा." ना माझं कसं चाललंय, ना बाबांचं नाव. डोळ्याचंही काही नाही.

पण खरं सांगते, तुझं अक्षर बघून बरं वाटलं. अजून तस्संच आहे, खिळे ठोकल्यासारखं.

तुझी चिठ्ठी यायच्या आधीच मी शेजारच्या फोटोग्राफरकडून त्याची पेटी उसनी आणून बसले होते. पंख्याचीच निघाली. सकाळी छान गार, मला वाटलं जिंकलं. दुपारी शाळेबाहेर व्हॅन उन्हात उभी राहिली, आणि मी झाकण उघडलं तर आतली पाण्याची बाटली कोमट. त्या पाण्याने हात धुतले आणि पेटी ज्याची त्याला परत केली.

आता तुझी शेवटची ओळ. "दुधासाठी एवढं कशाला? दूध वाटेत कुठेही मिळतं."

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, आणि तुझ्यापुढे तर नाहीच. फ्रिज दुधासाठी नकोय. बाबांच्या इंजेक्शनांसाठी हवाय. त्यांच्या हातांचं दुखणं आता फार वाढलंय. बोटं बाजूला वळलीत, सांधे सुजून लाल होतात, सकाळी कप धरता येत नाही. आठवड्याला एक इंजेक्शन असतं, ते घेतलं की शर्टाची बटणं तरी स्वतः लावतात. ते इंजेक्शन थंड ठेवावं लागतं, म्हणून घरातल्या फ्रिजमधे त्याचा वेगळा कप्पा आहे आणि तिथे दुसरं काही ठेवलं की माझी खरडपट्टी निघते.

आणि आम्ही कुठल्या तंबूत वगैरे जात नाही आहोत. म्हणजे वाटेत झोपायला तंबू लागेल, कारण त्या रस्त्याला दुसरं काही नाही. पण जायचंय तुझ्याकडे.

हे माझं डोकं नाही. ते स्वतः म्हणाले. एका सकाळी बटणं लागत नव्हती म्हणून माझ्यापुढे येऊन उभे राहिले, मी लावत होते, आणि माझ्या डोक्यावरून खिडकीकडे बघत म्हणाले, "थोरलीकडे जाऊन येऊ. एकदा." मी वरचं बटण खालच्या काजात घातलं. एवढंच बोलले, मग दिवसभर त्या विषयावर शब्द नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी बॅग माळ्यावरून काढायला लावली.

मला जुनं काही उकरायचं नाही. बर्फाच्या यंत्रातला अमोनिया गळला, तुझा डोळा गेला, आणि तू दवाखान्यात पडलेली असतानाच त्यांनी कारखाना विकला, तुला एका शब्दाने न विचारता. तू म्हणालीस, गळती माझ्या हातून झाली असं ठरवून ही शिक्षा दिलीय. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. तू बरी झालीस आणि निघून गेलीस. तेव्हापासून तुम्ही दोघं मूग गिळून बसलात आणि मधे मी. मी कारखान्यात कधी पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं गं, मला त्या वासाने मळमळायचं. आणि नेमकी मीच तुमच्या त्या कारखान्याच्या कचाट्यात अडकले.

तुझ्याकडे रेल्वे येत नाही, आणि विमानाला त्यांचे डॉक्टर नको म्हणतात. इंजेक्शन तुझ्या गावात मिळत नाही, मी चौकशी केली. महिनाभर राहायचं तर सगळी इथूनच न्यायला हवीत. बर्फ पडून घाट बंद व्हायच्या आत पोचायला हवं.

एकच विचारते. आलो तर दार उघडशील ना? नसेल उघडायचं तर तसं लिही, मी राग मानणार नाही. पण एवढी गाडी हाकून बंद दारापुढे त्यांना घेऊन उभं राहायची ताकद माझ्यात नाही. मी दमलेय.

धाकटी

१८ सप्टेंबर

ताई,

अख्खं पान लिहिलंस! मी ते व्हॅनमधे बसून वाचलं, शाळा सुटायची होती. पान उलटून मागेही पाहिलं. दाराबद्दल एक अक्षर नाही.

बाकी सगळं आहे. "दोन ते आठ अंशांच्या मधे राहिलं पाहिजे. गरम झालं तर थोडा वेळ चालतं, गोठलं तर संपलं. गोठून वितळलेलं इंजेक्शन दिसायला तसंच दिसतं, पण फेकायचं. भिंतीला चिकटवून ठेवू नकोस, भिंत आधी गोठते. दोन थर्मामीटर ठेव, एक तळाशी, एक वर. फ्रिजवरच्या आकड्यावर विसंबू नकोस. आधी घरच्या विजेवर थंड कर, मग गाडीत ने. बॅटरी तोडायचं बटण 'हाय'वर ठेव. पाण्याच्या बाटल्या भरून एक दिवस चालवून बघ."

हे सगळं मी बाबांना वाचून दाखवलं. मान खाली घालून ऐकत होते. गोठण्याचं वाचलं तेव्हा म्हणाले, "बरोबर लिहिलंय." मग जरा वेळाने, "पुन्हा वाच." वाचलं. तुझी शाबासकी आहे ती, घ्यायची तर घे.

फ्रिज घेतला. कॉम्प्रेसरचा, राखाडी, वरून उघडणारा. विकणारी बाई चांगली होती. मी दोन ते आठ म्हटल्याबरोबर आइस्क्रीमचं नावही काढलं नाही, म्हणाली, "आमच्या आईचंही असंच होतं," आणि स्वतः तो दुकानात लावून, तिरपा करून, पुन्हा सरळ करून दाखवला. एवढ्या दुकानांत पहिल्यांदा वाटलं की समोर माणूस उभं आहे.

आणि तरी माती खाल्लीच. तू 'हाय' लिहिलंस, मी 'लो' केलं. मला वाटलं, 'हाय' म्हणजे जास्त वीज ओढणार, आपलं कमीवर असलेलं बरं. आता कळलं, 'हाय' म्हणजे बॅटरीत बरीच शिल्लक असतानाच फ्रिज बंद होतो, आणि 'लो' म्हणजे पार तळ गाठेपर्यंत पीत राहतो. त्याने पार तळ गाठला. सकाळी पोरं भरून किल्ली फिरवली तर व्हॅनने नुसता टक् असा आवाज केला. पोरांना आनंद झाला. चौथीतली एक मुलगी म्हणाली, "मावशी, आपण ढकलू या, नाहीतर आज सुट्टी घेऊ या." शेवटी दूधवाल्याच्या गाडीवरून तार जोडून चालू केली. मुख्याध्यापिकेने मला वर्गातल्या पोरीसारखं दारात उभं करून उशिराचं कारण विचारलं. काय सांगू, फ्रिजने बॅटरी प्यायली? म्हटलं, गाडी आजारी होती.

आता फ्रिजला वेगळी बॅटरी बसवून घेतलीय. बाटल्या भरून दिवसभर चालवला. तळाशी चार, वर पाच. दुपारी व्हॅन भट्टी झाली होती तरी चार आणि पाचच. मी सारखी जाऊन झाकण उघडत होते, शेवटी बाबाच ओरडले, "अगं, गार हवा बाहेर सोडू नकोस, त्याला त्याचं काम करू दे!" कारखान्यातला आवाज होता तो. फार दिवसांनी ऐकला.

तू 'नाही' असं लिहिलं नाहीस, म्हणून मी 'हो' धरतेय. चार ऑक्टोबरला सकाळी निघू. नको असेल तर त्याआधी कळव.

धाकटी

६ ऑक्टोबर

ताई,

आम्ही निघालो नाही. तू वाट बघत होतीस की दाराला कुलूप लावून बसली होतीस ते मला माहीत नाही. वाट बघत असशील तर माफ कर.

झालं असं की आदल्या दिवशी मी फ्रिज घरातच थंड केला, चारवर लावला, दुपारी इंजेक्शनं त्यात ठेवली, मधोमध, भिंतीपासून लांब, तू सांगितलंस तशी. पेटी व्हॅनमधे नेऊन बसवली. बाबांना म्हटलं, मी जरा पाठ टेकते, तुम्ही सावलीत बसा. ते व्हॅनच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. मला झोप लागली. उठून झाकण उघडलं तर आतून पांढरी वाफ आली आणि हाताला चटका बसला. आकडा होता वजा अठरा. इंजेक्शनं कडक. सगळी.

काल तुला लिहायला बसले तेव्हा मी लिहिलं होतं की म्हातारपण आहे, बर्फाची सवय, थंड म्हणजे जितकं थंड तितकं चांगलं असं वाटून त्यांनी बटण दाबलं. तो कागद फाडला.

कारण ते बटण कसं आहे ते तुला सांगते. आधी दाबून धरावं लागतं, तेव्हा कुलूप उघडतं. मग एकदा दाबलं की एक अंश उतरतो. चारवरून वजा अठरावर यायला किती वेळा दाबावं लागतं, तूच बघ. आणि ते त्या बोटांनी. चुकून हात लागला असं म्हणायला जागाच नाही. शिवाय ज्या माणसाने जन्मभर पाण्याचा बर्फ केला, त्याला शून्याच्या खाली काय होतं ते शिकवायचं?

आज दुपारी विचारलं. ते गॅलरीत बसले होते.

"बाबा, तुम्ही मुद्दाम केलंत."

त्यांनी नजर खाली रस्त्याकडे वळवली.

"तुम्हाला जायचं नव्हतं तर सांगायचं. मी महिना-दीड महिना दुकानं घालतेय पालथी. पोरांच्या फेऱ्यांना महिनाभरासाठी बदली माणूस बघितला. कशासाठी केलं मी हे?"

"जायचं होतं," ते म्हणाले. "अजून आहे."

"मग?"

"ती दारात येईल. मला बघेल. एका डोळ्याने." मग स्वतःच्या वळलेल्या बोटांकडे बघत, "मी काय बोलू तिथे उभा राहून?"

"काहीही बोला. तिला इतकंच ऐकायचंय की तुम्ही तिला दोष देत नाही."

"दोष!" असे ओरडले की खालचा इस्त्रीवाला वर बघायला लागला. "अगं, अमोनियाच्या व्हॉल्व्हचं पॅकिंग मी बसवलं होतं. आदल्या संध्याकाळी. ती म्हणाली होती, बाबा नवीन मागवू. मी म्हटलं, जुनं अजून चालेल, मला शिकवू नकोस. सकाळी ती यंत्रांच्या खोलीत गेली आणि पॅकिंग सुटलं."

मी म्हटलं, "मग कारखाना का विकलात?"

"आत जाता येईना. तिला ओल्या पोत्यात गुंडाळून बाहेर काढलं ना, त्यानंतर त्या खोलीच्या कडीला हात लागेना माझा. बाहेर उभा राहायचो आणि परत यायचो. माणसं बघायची. मग म्हटलं, संपवून टाकू. तिला वाटलं मी तिला शिक्षा केली. मी वाटू दिलं." आणि मग हळू आवाजात, "भित्रा म्हणून घेण्यापेक्षा दुष्ट म्हणून घेणं सोपं गेलं मला."

ताई, मला त्यांचा प्रचंड राग यायला हवा होता. तुझ्यासाठी तरी यायला हवा होता. तू इतकी वर्षं तो भार घेऊन तिकडे एकटी राहतेस आणि इथे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. राग आलाही, पण तो इतका दमलेला होता की नीट उभाच राहीना. मी त्यांना म्हटलं, हे मी ताईला लिहिणार. मला वाटलं अडवतील. ते म्हणाले, "लिही. पॅकिंगचं आधी लिही. बाकीचं नंतर."

म्हणून लिहिलं. मला वाटलं होतं भरवशाचा फ्रिज मिळाला की सगळं जमेल. फ्रिज तर भरवशाचाच निघाला, सांगितलं तितकं थंड झाला बिचारा.

नवीन इंजेक्शनं यायला वेळ लागेल, औषधवाली म्हणते. तोवर बिनइंजेक्शनचे आठवडे जातील आणि हात पुन्हा आखडतील. हे त्यांना दाबताना माहीत होतं. मी ह्यापुढे तुला दार उघड म्हणणार नाही, त्यांना चला म्हणणार नाही. मधे उभं राहून माझे पाय दुखायला लागलेत.

धाकटी

२१ ऑक्टोबर

ताई,

तुझं उत्तर नाही. येईल अशी अपेक्षाही मी केली नव्हती. हे कळल्यावर माणसाने लगेच कागद काढून काय लिहावं?

इंजेक्शनं काल आली. एक दिलं, पण आखडलेले हात सुटायला वेळ लागेल असं डॉक्टर म्हणाले. सध्या बटणं मीच लावते, जेवणही चमच्याने मीच भरवते. ते मुकाट्याने तोंड उघडतात. कुरकुर करत नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटते.

रस्त्याच्या कचेरीत फोन करून विचारलं. घाट अजून उघडा आहे, पण पहिल्या मोठ्या बर्फाला बंद करतील. मी व्हॅनला हात लावलेला नाही. तुला सांगितलं होतं ना, मी कुणाला चला म्हणणार नाही.

आज सकाळी त्यांनी माझ्याकडे कागद मागितला. मी म्हटलं, सांगा, मी लिहून घेते. नको म्हणाले. पेनाला कापडाची पट्टी गुंडाळून जाड करून द्यायला लावलं, मुठीत धरलं, आणि टेबलाशी बसले. मी स्वयंपाकघरात गेले, कारण बघवत नव्हतं. दोनदा पेन खाली पडल्याचं ऐकलं. मी गेले नाही उचलायला. बऱ्याच वेळाने त्यांनी हाक मारली. मी कागद बघून म्हटलं, एवढंच? तर म्हणाले, "बाकीचं पत्राने सांगायचं नसतं. तिने हो म्हटलं तर सांगेन. नाही म्हटलं तर तोही तिचा हक्क आहे."

तो कागद खाली चिकटवतेय. अक्षर लागणार नाही म्हणून मी वर नीट लिहून देणार होते. मग वाटलं, नको, तू स्वतःच लावून वाच. आयुष्यभर लोकांना हुकूम सोडलेल्या माणसाने पहिल्यांदा कुणाला काही विचारलंय.

धाकटी

थोरले,
मी येऊ का?